सोगो बंद झालं, मग काशिवा कपडे कुठे घेतं?

30 सप्टेंबर 2016 रोजी काशिवा स्थानकाच्या पूर्वेकडचं सोगो हे डिपार्टमेंट स्टोअर कायमचं बंद झालं. ते 1973 च्या ऑक्टोबरमध्ये उघडलं होतं. चौदाव्या मजल्यावर गोल फिरणारं उपाहारगृह होतं, आणि गावातल्या दोन पिढ्यांनी पहिला चांगला कोट, पहिली लिपस्टिक, लग्नाच्या भेटी तिथेच घेतल्या होत्या. दुकान बंद होणार म्हटल्यावर शेवटच्या दिवसांत गर्दी लोटली. ती एरवी आली असती तर दुकान बंद पडलंच नसतं.

त्याच काशिवात, स्थानकापासून पायी काही मिनिटांवर, मागच्या गल्ल्यांत जुन्या कपड्यांची लहान लहान दुकानं मात्र चालू राहिली. शहराच्या कडेला 16 क्रमांकाच्या राष्ट्रीय महामार्गावर स्वस्त कपड्यांच्या साखळ्यांचे पार्किंग भरत राहिले. म्हणजे काशिवाकरांनी कपडे घेणं सोडलं नव्हतं. मग सगळ्यात मोक्याच्या जागेवरचं, सगळ्यात मोठं दुकान का गेलं, आणि ज्यांना स्थानकासमोर भाडं परवडत नव्हतं ती का टिकली, हा या प्रकरणाचा प्रश्न आहे.

गाव आणि त्याचं स्थानक

काशिवा चिबा प्रांतात, टोकियोच्या मध्यापासून साधारण 30 किलोमीटरवर. लोकवस्ती सव्वाचार लाखांहून थोडी जास्त. 1954 मध्ये नगराचा दर्जा मिळाला तेव्हा हे शेतीवाडीचं गाव होतं. मग टोकियोतल्या नोकरदारांसाठी सरकारी गृहनिर्माण महामंडळाने वसाहती उभारल्या. त्यातली तोयोशिकिदाई ही 1964 ची वसाहत एकटीच चार हजारांहून जास्त घरांची. 1970 पर्यंत वस्ती दीड लाखाच्या आसपास पोचली होती, आणि 1971 मध्ये जोबान रेल्वेमार्गाच्या धिम्या गाड्या थेट टोकियोच्या चियोदा भुयारी मार्गात शिरू लागल्या.

दुकानदारीच्या दृष्टीने जास्त महत्त्वाचा आहे तो तोबू या रेल्वे कंपनीचा आडवा मार्ग. तो ओमियापासून फुनाबाशीपर्यंत जातो, पण काशिवात त्याची दिशा उलटते, आणि दोन्हीकडच्या बहुतेक गाड्या इथेच संपतात. टोकियोला जाणारा असो वा पुढच्या गावाला, प्रवाशाला काशिवात पाय खाली ठेवावाच लागतो. उतरलेला माणूस म्हणजे अर्धा गिऱ्हाईक. अमुक गावात फॅशनची दुकानं का आणि तमुक गावात का नाहीत, याची फार थोर कारणं शोधायची गरज नसते. आधी गाड्या कुठे बदलतात ते पाहावं.

1973 मध्ये पूर्व दाराबाहेर पादचाऱ्यांसाठी उंचावरचा चौक बांधला गेला. या पद्धतीचा मोठ्या प्रमाणावरचा जपानमधला तो पहिला मानतात. ठाण्याच्या सॅटिस पुलाची इथे आठवण होते, फक्त रचना उलटी: ठाण्यात बस वर आणि माणसं खाली, काशिवात माणसं वर आणि बस खाली. स्थानकातून निघालेला माणूस रस्त्यावर न उतरताच सोगोच्या नाहीतर शेजारच्या मारुई या दुकानाच्या दारात पोचायचा. पश्चिमेला त्याच वर्षी ताकाशिमाया उघडलं. एका स्थानकाच्या दोन अंगांना एकाच वर्षी दोन मोठी डिपार्टमेंट स्टोअर, आणि सोगो उघडलं त्याच महिन्यात तेलाचं जागतिक संकट. यातलं एक गेलं, दुसरं आजही चालू आहे. म्हणून तर हे प्रकरण अभ्यासाला सोयीचं.

सोगो नेमकं काय विकत होतं

वरवर पाहता कोट, ब्लाउज, हँडबॅगा. खरं पाहता टोकियोला जाण्याचा वाचलेला वेळ. 1970 आणि 80 च्या दशकात टोकियोतल्या निहोनबाशी किंवा गिन्झाला जो ब्रँड मिळतो तोच काशिवात, तशाच कागदात, तशाच लवून केलेल्या नमस्कारासह मिळणं ही मोठी गोष्ट होती. राजधानीतल्या दुकानाची ती चांगली नक्कल होती, आणि मूळ जागा दूर वाटायची तोवर नकलेला भाव होता.

या धंद्याची आतली रचनाही कळायला हवी. जपानी डिपार्टमेंट स्टोअर बहुतेक कपडे स्वतः विकत घेत नाही. माल ब्रँडचा, विक्रेतीही बहुधा ब्रँडचीच. वस्तू गिऱ्हाइकाला विकली जाते त्याच क्षणी ती कागदोपत्री दुकानाने खरेदी केली असं धरतात. न विकलेला माल ब्रँडच्या गळ्यात. दुकानाला जोखीम जवळजवळ शून्य, म्हणून वाटा मोठा, आणि तो वाटा शेवटी कपड्याच्या किमतीत चढतो. तेजीच्या काळात हे कोणाला खुपलं नाही. मंदी आली तेव्हा गिऱ्हाईक शिलाई आणि कापड हाताने चाचपून पाहू लागलं, आणि ही किंमत नक्की कशाची, असा प्रश्न पडायला लागला.

याचा दुसरा तोटा जास्त खोल आहे. ज्याने माल निवडलाच नाही त्याला आपलं गिऱ्हाईक बदलतंय हे उशिरा कळतं. काशिवाच्या सोगोत काय टांगायचं हे टोकियोतल्या कपडे कंपन्या ठरवत, आणि माल कमी पडला की आधी मध्यवर्ती दुकानाला, मग उरलंसुरलं उपनगराला. पुढे त्या कंपन्याच खचल्या. सान्यो शोकाईचा बरबेरी या ब्रिटिश ब्रँडसोबतचा परवाना 2015 च्या जूनमध्ये संपला आणि मजल्यावरचं सर्वांत ओळखीचं नाव गेलं. ऑनवर्डने 2019 मध्ये सुमारे 600 विक्रीकेंद्रं बंद करायचं ठरवलं. रेनाउन 2020 च्या मे महिन्यात दिवाळखोरीत गेली. हे शेवटचे दोन धक्के बसले तेव्हा काशिवाचं सोगो उरलं नव्हतं, पण दुखणं तेच होतं.

सोगो समूह तर त्याआधीच, 2000 सालच्या जुलैमध्ये, सुमारे 1.87 लाख कोटी येनांच्या कर्जाखाली कोसळला होता. पुढे सेइबू या दुसऱ्या डिपार्टमेंट स्टोअर कंपनीसोबत जुळणी झाली, मग दोघंही सेव्हन अँड आय या समूहाच्या पोटात गेले. काशिवाच्या कथेतला मला सगळ्यात बोलका वाटणारा तपशील इथलाच आहे. याच समूहाने 2016 च्या एप्रिलमध्ये काशिवाच्या पूर्व भागात, 16 क्रमांकाच्या महामार्गालगत, सेव्हनपार्क आरिओ नावाचा सुमारे 200 दुकानांचा मॉल उघडला. पाच महिन्यांनी सोगोला टाळं लावलं. प्रतिस्पर्ध्याने मारलं असं म्हणायलाही जागा नाही. मालकाने एका हाताने स्थानकासमोरचं बंद केलं आणि दुसऱ्या हाताने महामार्गावरचं उघडलं.

गिऱ्हाईक दोन्ही बाजूंनी निसटलं

मॉल मुळात तिथे आले कसे, तर कायद्याने वाट दिली. 1973 च्या मोठ्या दुकानांच्या कायद्यात स्थानिक दुकानदारांच्या संमतीवाचून मोठं दुकान उघडणं अवघड होतं. 1990 च्या दशकात तो सैल झाला आणि 2000 मध्ये रद्द होऊन त्याची जागा रहदारी, आवाज, पार्किंग एवढंच पाहणाऱ्या नव्या कायद्याने घेतली. त्यानंतर टोकियोभोवती मॉलचं कडं उभं राहिलं. 2006 च्या नोव्हेंबरमध्ये काशिवाच्याच हद्दीत, पूर्वी जिथे मित्सुईचं गोल्फ मैदान होतं तिथे, लालापोर्ट काशिवानोहा उघडलं. 2007 मध्ये शेजारच्या नागारेयामात ओताकानोमोरी. ही दोन्ही ठिकाणं 2005 च्या ऑगस्टमध्ये सुरू झालेल्या त्सुकुबा एक्सप्रेसवर आहेत. हा मार्ग काशिवा स्थानकाला वळसा घालून जातो आणि अकिहाबारा ते त्सुकुबा हे अंतर 45 मिनिटांत कापतो. लहान मुलं असलेली तरुण कुटुंबं या नव्या मार्गावर राहायला गेली, आणि त्यांची खरेदीही तिकडेच गेली.

दुसऱ्या बाजूने टोकियो जवळ आलं. 2015 च्या मार्चमध्ये जोबानच्या गाड्या उएनोलाच न संपता पुढे टोकियो आणि शिनागावापर्यंत जाऊ लागल्या. न बदलता, पाऊण तासाच्या आत टोकियो स्थानक. मूळ दुकानच इतकं हाताशी आल्यावर नक्कल कोण घेणार? ज्याच्याकडे गाडी आणि मूल तो मॉलला, ज्याच्याकडे रेल्वेचा पास आणि मोकळी संध्याकाळ तो टोकियो स्थानकासमोरच्या मारुनोउचीला. सोगोला उरले ते स्थानकाजवळ राहणारे वृद्ध. ते निष्ठावान होते, पण वर्षाला किती कोट घेणार?

हे फक्त काशिवाचं नाही, हे पटवायला आजूबाजूच्या बंद डिपार्टमेंट स्टोअरांची यादी पुरे. टोकियोच्या दिशेने पुढच्या मोठ्या स्थानकावरचं मात्सुदोचं इसेतान 2018 च्या मार्चमध्ये बंद झालं. तोबू मार्गाच्या दुसऱ्या टोकाचं फुनाबाशीचं सेइबू त्याच वर्षीच्या फेब्रुवारीत. चिबा शहरातलं मित्सुकोशी 2017 मध्ये, पश्चिमेकडे फुचू आणि सागामिहारातली इसेतान 30 सप्टेंबर 2019 रोजी, एकाच दिवशी.

मग पश्चिम दाराचं ताकाशिमाया का वाचलं? माझ्या मते त्याने स्वतःला दुकान मानणं कमी केलं म्हणून. ताकाशिमायाची तोशिन ही उपकंपनी 1969 पासून, म्हणजे फुताको-तामागावाचं उपनगरी खरेदी केंद्र उघडल्यापासून, भाडेकरू गोळा करून जागा चालवण्याचं काम करते आहे. काशिवात तिने डिपार्टमेंट स्टोअरला चिकटून स्टेशन मॉल चालवला. तिथे भाडेकरू दुकानं, त्यातही रोजच्या कपड्यांच्या साखळ्या. आई ताकाशिमायात मिठाई घेते, मुलगी मॉलमध्ये टी-शर्ट पाहते, आणि दोघी एकाच छपराखाली राहतात. नागारेयामाचं ओताकानोमोरीही तोशिनचंच. म्हणजे त्सुकुबा एक्सप्रेसने पळवलेलं गिऱ्हाईकही काही अंशी घरातच राहिलं. सोगोकडे असं दुसरं अंग नव्हतं.

मारुईचा मार्ग तिसराच. 1960 मध्ये क्रेडिट कार्ड आणून, हप्त्यांवर कपडे देऊन त्याने तरुणांना बांधून घेतलं. 80 च्या दशकात डिझायनर ब्रँडांची लाट आली तेव्हा कॉलेजच्या मुलांचे महागडे जाकीट या हप्त्यांवरच निघत. आता समूहाची मोठी कमाई एपोस या स्वतःच्या क्रेडिट कार्डातून होते, आणि मजले ठरावीक मुदतीच्या भाडेकरारांवर दिले जातात. कपड्यांचा भाग आक्रसला. मारुई कपड्यांचं दुकान म्हणून टिकलं असं म्हणणं धाडसाचं होईल. इमारत टिकली, एवढं खरं.

मागच्या गल्ल्या

पूर्व दारातून हाउडी मॉलच्या रस्त्याने किंवा निबानगाई या झाकलेल्या बाजारातून पुढे जाऊन आडवं वळलं की भाग बदलतो. अरुंद गल्ल्या, दुमजली जुन्या इमारती, जिन्याच्या तोंडाशी टांगलेलं एखादं डेनिम. 1990 च्या दशकाच्या उत्तरार्धात टोकियोतल्या हाराजुकूच्या मागच्या गल्ल्यांत नव्या तरुण ब्रँडांची लाट उसळली होती, तिच्या चालीवर या भागाला उराकाशी म्हणू लागले. काशिवाला पूर्वेची शिबुया म्हणायची पद्धतही रुळली. टोकियोतल्या त्या फॅशनच्या भागाशी तुलना मला कधी पटली नाही. शिबुयात माल बघायला लोक जातात, उराकाशीत दुकानदाराची नजर बघायला.

इथला धंदा मुख्यतः जुन्या कपड्यांचा. माल बराचसा अमेरिकेतून येतो, दाबून बांधलेल्या गाठींतून किंवा दुकानदार स्वतः तिकडे जाऊन एकेक उचलून आणतो. गाठ स्वस्त पडते पण आत काय निघेल याचा भरवसा नाही. हातानं निवडलेला माल महाग पण प्रत्येक नग विकला जाणारा. दुकानाचं चारित्र्य या दोहोंतल्या प्रमाणावर ठरतं, आणि दारातून आत पाऊल टाकताच ते कळतं. कप्पे खच्चून भरलेले असतील तर गाठीचा माल. हँगरमध्ये चार बोटांचं अंतर असेल तर मालक विमानाने जाऊन आलेला.

कायदाही इथे पाळावा लागतो. 1949 च्या जुन्या वस्तूंच्या व्यापाराच्या कायद्याखाली असं दुकान चालवायला प्रांताच्या सार्वजनिक सुरक्षा आयोगाचा परवाना लागतो, आणि अर्ज पोलीस ठाण्यात द्यायचा असतो. कायद्याचा रोख चोरीच्या मालावर. म्हणून जपानमध्ये राहणारा कोणी आपला जुना कोट विकायला गेला तर दुकानदार ओळखपत्र मागतो. परदेशी माणसाकडे निवासपत्र मागितलं जातं. नवख्याला त्यात अविश्वास दिसतो. पण शेजारच्या जपानी आजींकडेही दुकानदार वाहन परवाना नाहीतर तसलंच ओळखपत्र मागत असतो.

ही दुकानं टिकली त्याची दोन कारणं मला दिसतात. पहिलं भाड्याचं. स्थानकासमोरचा मजला चालवायला जी उलाढाल लागते ती इथे लागतच नाही, एक मालक आणि एक मदतनीस पुरतात. दुसरं जास्त महत्त्वाचं: जुना कपडा एकच नग असतो. तोच नग टोकियोत मिळणार नाही, मॉलमध्ये तर नाहीच, म्हणून रेल्वे जलद झाली तरी या दुकानाचं नुकसान होत नाही. उलट त्याच रेल्वेने टोकियोचं गिऱ्हाईक इकडे येऊ शकतं. सोगो टोकियोची बरोबरी करायला गेलं आणि अंतर मिटताच बरोबरीला अर्थ उरला नाही. गल्लीने बरोबरीचा खेळच खेळला नाही.

याचा अर्थ गल्लीतलं सगळं छान आहे असा नाही. सेकंड स्ट्रीटसारख्या साखळ्यांनी जुन्या कपड्यांना स्वच्छ उजेड, ठरलेली किंमत आणि मापाची चिठ्ठी दिली. 2013 पासून मर्कारी या मोबाइल अ‍ॅपवर लोक एकमेकांना थेट विकू लागले. गल्लीतल्या दुकानदाराची नजर हेच भांडवल, आणि नजर वारशाने देता येत नाही. शिवाय काही ठिकाणी आत शिरलं की मालक असा पाहतो जणू आपण परीक्षेला बसलोय.

महामार्ग आणि माप

16 क्रमांकाचा रस्ता योकोहामा, साइतामा, काशिवा, चिबा असा टोकियोला कडं घालतो. जपानी स्वस्त कपड्यांची व्याकरणं अशा रस्त्यांवरच लिहिली गेली. युनिक्लोचं पहिलं दुकान 1984 मध्ये हिरोशिमा शहरात उघडलं, पण पुढच्याच वर्षी शिमोनोसेकीत रस्त्याकडेचं दुकान निघालं आणि कंपनी वाढली ती त्या साच्यावर. हाराजुकूत जाऊन 1900 येनांच्या फ्लीसने तिने देश जिंकला तो 1998 मध्ये. युनिक्लोच्याच समूहातल्या जीयूचं पहिलं दुकान याच चिबा प्रांतात, मिनामी-ग्योतोकूच्या एका सुपरमार्केटमध्ये, 2006 मध्ये. शिमामुरा ही साखळी साइतामाच्या एका लहान गावातून आलेली. कामगारांचे कपडे विकणाऱ्या वर्कमनने तर 2018 मध्ये ताचिकावाच्या लालापोर्टमध्ये तेच जाकीट चांगल्या आरशासमोर टांगलं, आणि मोटारसायकलवाले, डोंगर चढणारे, मग बायकाही रांगेत उभ्या राहिल्या. माल तोच. जागा बदलली.

आपल्याकडून नोकरीसाठी किंवा जोडीदारासोबत या पट्ट्यात राहायला येणाऱ्या मराठी बाईला पहिला अडथळा मापाचा येतो, म्हणून थोडं सविस्तर. जपानी मानकानुसार बायकांचं माप 7, 9, 11, 13 अशा अंकांत असतं. 9 म्हणजे छाती 83 सेंटीमीटर, 11 म्हणजे 86, 13 म्हणजे 89. अंकापुढची अक्षरं नितंबांची ठेवण आणि उंची सांगतात: ए ही सर्वसाधारण ठेवण, एबी चार सेंटीमीटरने रुंद, बी आठने. आर म्हणजे 158 सेंटीमीटर उंची, पी म्हणजे 150. बऱ्याच मराठी बायकांना उंचीला पी आणि ठेवणीला एबी लागतं, आणि मॉलमधल्या साखळ्यांत हे जुळून येणं कठीण, कारण तिथे एस, एम, एल एवढंच असतं किंवा सगळ्यांना एकच माप. असल्या सैल, खांदा उतरलेल्या कपड्यांत मापाची चूक झाकली जाते, पण पँटमध्ये नाही. अंकांची संपूर्ण शिडी अजूनही डिपार्टमेंट स्टोअरच्याच मजल्यावर भेटते, आणि सोगो गेल्याचं खरं नुकसान मला इथे दिसतं. मुलाच्या शाळाप्रवेशाच्या समारंभाला एप्रिलमध्ये आईने गडद निळा किंवा फिकट सूट घालायची रीत आहे. तो फेब्रुवारी-मार्चमध्ये बघावा, नंतर मापं संपतात. काशिवात त्यासाठी आता पश्चिम दाराकडे जावं लागतं.

ट्रायल रूममध्ये शिरताना चपला बाहेर, आणि डोक्यावरून घालायचा कपडा असेल तर तोंडावर घ्यायची पातळ कागदी पिशवी मागून घ्यायची, म्हणजे मेकअप कपड्याला लागत नाही. पँटची लांबी दुकानातच कापून मिळते. मॉलमध्ये नुसतं उसवून-शिवून देणारे गाळेही असतात. आणि परदेशी पारपत्र आहे म्हणून करमाफी मागू नये, जपानमध्ये राहणाऱ्याला ती नाही. किमतीच्या चिठ्ठीवर 10 टक्के कर धरलेला आकडा दाखवणं 2021 च्या एप्रिलपासून बंधनकारक आहे, तेव्हा ठळक आणि बारीक असे दोन आकडे दिसले तर जास्त रकमेचा आकडा खरा.

मापाच्या प्रश्नावर साखळ्यांनी अलीकडे एक उपाय काढला आहे. दुकानातल्या विक्रेत्या स्वतः कपडे घालून फोटो काढतात आणि ब्रँडच्या संकेतस्थळावर स्वतःच्या उंचीसकट टाकतात. 2016 मध्ये सुरू झालेल्या स्टाफ स्टार्ट या सेवेमुळे फोटो पाहून झालेली ऑनलाइन विक्री त्या विक्रेतीच्या नावावर मोजता येते. 152 सेंटीमीटरची विक्रेती शोधायची, ती काय घालते ते पाहायचं, आणि मग दुकानात जाऊन अंगाला लावून बघायचं. उपनगरातल्या एका मजल्यावर उभी असलेली मुलगी होक्काइदोच्या गिऱ्हाइकालाही विकू शकते. सोगोच्या मजल्यावर जे चाळीस वर्षं जमलं नाही, म्हणजे इथल्याच अंगाला बसेल असं इथल्याच माणसाने निवडणं, ते आता साखळ्या फोनवरून करू पाहतायत.

उराकाशीसमोरचा धोका त्यामुळे मॉलचा नाही, जागेचा आहे. स्थानकाभोवतीच्या जुन्या इमारती वयाला आल्या आहेत, आणि अशा जागी पुनर्विकास झाला की बहुधा उंच निवासी इमारत येते आणि तळमजल्यावर औषधांची साखळी किंवा कॉफी. दुमजली घराच्या माडीवर स्वस्तात बसलेला दुकानदार नव्या इमारतीत परत येऊ शकत नाही. पुढच्या काही वर्षांत काशिवात कपडे कुठे मिळतील हे पाहायचं असेल तर मी फॅशनच्या मासिकांपेक्षा या माड्यांचे भाडेकरार पाहीन.